गुडघेरोपणात हाडाचा काप अंशभर चुकतो, तो नेमका कुठे?

ऋजुरेषा

नमस्कार मंडळी. मी सांधेरोपणाच्या शस्त्रक्रिया करते. गेले दोन रविवार मी स्वतःच बदललेल्या जुन्या गुडघ्यांच्या फिल्म काढून बसले होते. उभ्याने काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा पूर्ण पायाचा एक्सरे. खुब्याच्या गोळ्याचा मध्य, गुडघ्याचा मध्य, घोट्याचा मध्य. तीन टिंबं, दोन रेषा, एक कोन. बहुतेक पाय १८० अंशांच्या आगेमागे तीन अंशांच्या आतच निघाले. काही निघाले नाहीत. एका पायात तर चार अंश व्हेरस राहिलाय, म्हणजे गुडघा अजून बाहेर झुकलेला आहे.

ती शस्त्रक्रिया मला चांगली आठवते. "छान बसलं" असं म्हणत मी टाके घातले होते. बाई व्यवस्थित चालतात, तक्रार काही नाही. पण मी ठरवला होता शून्य आणि झाले चार. हे चार अंश शिरले कुठून, या विचाराने मला चैन पडत नाहीये.

माझ्याकडे रोबो नाही. नेहमीचे जिग (काप कुठून घ्यायचा ते दाखवणारी, हाडाला लावायची साधनं), नेहमीची करवत. माझा अंदाज असा, की चूक एका जागी होत नाही. मांडीच्या हाडात दिशेसाठी रॉड घालताना अर्धा अंश, करवतीला खाचेतून वाट देणारा ब्लॉक बसवताना अर्धा, पातं लवलं म्हणून अर्धा, सिमेंट लावताना अर्धा. प्रत्येक पायरी "चालेल" म्हणून सुटते आणि शेवटी बेरीज होते. मधे कुणी मोजतच नाही. तुम्ही कुठे, काय आणि कशाने मोजता? सर्जनच नव्हे, ओटीतले (ऑपरेशन थिएटरमधले), एक्सरेवाले, फिजिओ, ज्यांनी गुडघा बदलून घेतलाय ते, सगळ्यांनीच लिहा.

यंत्रवेडा

मी डॉक्टर नाही. मिलिंग आणि ग्राइंडिंगमध्ये आयुष्य गेलं. आईच्या ऑपरेशनआधी सर्जननी मला कटिंग ब्लॉक हातात घेऊन बघू दिला होता, म्हणून धीर करून लिहितो.

आधी हिशोब. नडगीच्या वरच्या पठाराची रुंदी ७५ मि.मी. धरली, तर एक अंशाची चूक म्हणजे एका कडेला १.३ मि.मी. चढ. तीन अंश म्हणजे जवळजवळ ४ मि.मी. आणि तोच एक अंश ३६ सें.मी. लांब नडगीवरून खाली नेला, तर घोटा ६ मि.मी.हून जास्त सरकतो. म्हणजे डोळ्यांनी गुडघ्यावर जे दिसणार नाही ते घोट्यावर दिसतं. तपासायचं तर लांब दांडी लावूनच तपासा.

दुसरं पात्याचं. एका टोकाला धरलेली पट्टी किती वाकेल हे लांबीच्या घनावर ठरतं. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली, की तेवढ्याच जोराने पट्टी आठपट वाकते. तुमच्या ब्लॉकच्या खाचेत पातं जिथपर्यंत धरलेलं आहे तिथपर्यंत ते शहाणं, पुढे ते मोकळं. म्हणून ब्लॉक हाडाला भिडलेला हवा. ब्लॉक आणि हाड यांत बोटभर अंतर ठेवून कापणं म्हणजे पात्याला हवं तिकडे जायची परवानगी देणं.

आमचा जॉब व्हाइसमध्ये जखडलेला असतो आणि सगळीकडे सारखाच कठीण असतो. तुमचा जॉब ओला, हलणारा, एका बाजूला भुसभुशीत आणि दुसऱ्या बाजूला दगड. त्यात तुम्ही तीन अंशांच्या आत राहता याचंच मला मोठं नवल वाटतं.

ऋजुरेषा

यंत्रवेडा, आठपटीचं गणित मला माहीत नव्हतं. समोरच्या चरबीमुळे ब्लॉक थोडा दूर राहतो आणि आपण तसंच कापतो, हे अनेकदा होतं. आजच डोक्यात ठेवलं.

नवशिका_निवासी

मॅडम, माझा प्रश्न. व्हेरस गुडघ्यात नडगीची आतली बाजू घासून अगदी हस्तिदंतासारखी झालेली असते. तिथे करवत लावली की आवाजच बदलतो. तिथे काय करावं? मी जोर लावला की सर ओरडतात.

अस्थिपंजर

ओरडतात ते बरोबर करतात. :)

तीस वर्षं हे काम केलं, त्यातून सांगतो. कठीण हाडावर पातं आत घुसत नाही, वर चढतं. कापून झाल्यावर सगळं सपाट दिसतं, पण आतल्या बाजूला एखादा मिलिमीटर हाड उरलेलं असतं. त्यावर इम्प्लांट ठेवलं की ते डुगडुगतं. मग माणूस सिमेंटने भरून काढू म्हणतो. तिथेच घोळ होतो.

पातं आधी चालू करायचं, मग हाडाला टेकवायचं. ढकलायचं नाही, करवतीच्या वजनाला काम करू द्यायचं. कठीण भागात थोडं कापायचं, मागे घ्यायचं, पाणी सोडायचं, पुन्हा जायचं. पाणी नुसतं भुसा धुवायला नसतं. हाड साधारण ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते आणि बोथट पातं तिथवर सहज पोचतं. कापून झालं, की ब्लॉक काढायच्या आधी त्याच खाचेतून पातं पुन्हा एकदा पूर्ण फिरवायचं. दुसऱ्या फेरीत जो भुसा निघतो तो पहिल्या फेरीतली चूक असते.

आणि ऋजुरेषा, तुम्ही करवतीकडे बघताय, पण मोठी चूक त्याच्याही आधी होते. मांडीच्या हाडात रॉड घालायचं भोक कुठे पाडलं? ते ५ मि.मी. बाजूला गेलं आणि रॉड वीसेक सें.मी. आत अरुंद भागात टेकला, तर तिथेच दीड अंशाच्या जवळपास गेला. शिवाय हाडाची पोकळी आणि पायाचा भारवाही अक्ष (खुब्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या मध्याकडे जाणारी रेषा) यांतला कोन बहुतेकांचा ५ ते ७ अंश असतो, म्हणून आपण सवयीने सहा लावतो. मांडीचं हाड बाहेर वाकलेलं असेल, तर तो कोन ७ च्याही पुढे जातो. फिल्मवर प्रत्येकाचा मोजल्याशिवाय सहा लावू नये.

ओटीतली_ताई

मी बावीस वर्षं टेबलाच्या या बाजूला, म्हणजे ट्रॉलीजवळ उभी आहे. डॉक्टरांची नजर जखमेत असते, माझी सगळ्यांवर असते. म्हणून जे दिसतं ते लिहिते.

ब्लॉक दोन समांतर पिनांवर ठेवला, की तो पिनांवरून पुढे-मागे सरकू शकतो. करवतीच्या थरथरीने सरकतोच. तिसरी तिरकी पिन लावली, की जागचा हलत नाही. घाईत तीच राहते. वयस्कर बायकांच्या मऊ हाडात तर पिना लोण्यात घातल्यासारख्या असतात, एकदा काढून पुन्हा त्याच भोकात घातल्या तर धरतच नाहीत.

दुसरं, कापताना पाय धरणारा दमतो. कापाच्या मध्यावर त्याचा हात ढिला होतो, पाय फिरतो, ब्लॉकवर रिट्रॅक्टरचा (जखम उघडी धरणाऱ्या हत्याराचा) दाब येतो. मी आता कापायच्या आधी विचारते, "धरलंय?" त्याने "धरलंय" म्हटल्याशिवाय करवत देत नाही. सुरुवातीला एक-दोन सर रागावले होते. आता तेच माझ्याकडे बघून थांबतात.

तिसरं पातं. खर्च वाचवायला एकच पातं पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरलेलं मी पाहिलंय. बोथट पात्याने तापमानही वाढतं, वरही चढतं. हे बंद व्हायलाच पाहिजे. यावर मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

नवशिका_निवासी

ताई, पाय धरणारा मीच असतो. तुमचं "धरलंय?" खूप बरं वाटेल ऐकायला.

क्षकिरण

मुद्दा जरा वेगळा आहे, पण मांडणं भाग आहे. ऋजुरेषा मॅडम, तुमचे चार अंश खरंच चार आहेत का?

मी एक्सरे विभागात आहे. लांब फिल्म काढताना गुडघ्याची वाटी समोर हवी, पावलं समोर नव्हे. ज्यांचं पाऊल मुळातच बाहेर वळलेलं असतं त्यांना "पावलं सरळ ठेवा" म्हटलं, की अख्खा पाय फिरतो. गुडघा पूर्ण सरळ होत असेल, तर त्याने फार बिघडत नाही. पण थोडा जरी वाकलेला असेल आणि पाय बाहेर फिरला असेल, तर पुढच्या दिशेचं ते वाकणं फिल्मवर बाजूचं वाकणं म्हणून उमटतं आणि व्हेरस वाढल्यासारखा दिसतो. ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच काढलेल्या फिल्ममध्ये हे फार होतं, कारण तेव्हा गुडघा पूर्ण सरळ झालेलाच नसतो. पेशंट दुखऱ्या पायावर भारही टाकत नाही.

फिल्मवर ओळखायचं कसं? वाटी मांडीच्या हाडाच्या मधोमध दिसतेय का ते बघा. नडगीशेजारचं बारीक हाड नडगीमागे किती झाकलंय ते बघा आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. ते झाकणं खूप वेगळं असेल, तर त्या फिल्मवर कोन मोजूच नका. तीन-चार महिन्यांनी पुन्हा काढा.

ऋजुरेषा

हे वाचून थबकले. ती फिल्म सहाव्या आठवड्यातली आहे. बाईंना पुढच्या आठवड्यात तपासणीला यायचंच आहे, तेव्हा पुन्हा काढते आणि इथे लिहिते.

चालतीबोलती

मी पेशंट. दोन्ही गुडघे बदललेत, एक सहा वर्षांपूर्वी, एक तीन. तुम्ही मंडळी अर्ध्या-अर्ध्या अंशावर झोप घालवता हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला तर एवढंच दिसतं की दार बंद झालं आणि दीड-दोन तासांनी उघडलं.

एक सांगते. पहिला गुडघा झाल्यावर पाय इतका सरळ झाला की तो माझा वाटेना. वीस वर्षं बाहेर झुकलेल्या पायावर चालले होते. सरळ पाय टाकला की खड्ड्यात पडल्यासारखं व्हायचं. फिजिओ म्हणाल्या, डोक्याला सवय व्हायला वेळ लागतो. पाच-सहा महिन्यांत झाली. दुसऱ्या गुडघ्यात तेवढं वाटलं नाही. तो काही वेगळ्या पद्धतीने केला होता का ते मी विचारलंच नाही.

पायरीपायरीने

काकू, फिजिओ म्हणून सांगते, हे बरेच जण बोलून दाखवतात. पाय अनेक वर्षं वाकडा असला, की बाहेरच्या बाजूची बंधनं ताणलेली असतात, आतली आखडलेली. मांडीचे स्नायूही त्याच वळणाला लागलेले असतात. हाड एका दिवसात सरळ होतं, स्नायू होत नाहीत. सरळपणा कागदावर चांगला आणि चालताना गुडघा बाजूला झोकांड्या खातो असेही पेशंट मी पाहिलेत. म्हणून सर्जन मंडळींना माझी विनंती, कोनाबरोबर गुडघा किती घट्ट आणि किती सैल ठेवलाय हेही डिस्चार्ज कार्डावर लिहा. आम्हाला व्यायाम ठरवायला फार उपयोग होतो.

मूळवळण

काकूंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. ऋजुरेषा, शून्यच का? आधी हे ठरवा, मग तिथवर पोचायचं बघा.

बेलेमन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २० ते २७ वयाच्या, गुडघ्याची काहीही तक्रार नसलेल्या २५० तरुण-तरुणींचे पूर्ण पाय मोजले. ३२ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत तीन अंश किंवा जास्त व्हेरस मुळातच होता. अशा माणसाला आपण 'दुरुस्त' करून शून्यावर आणतो, म्हणजे त्याला आयुष्यात कधीच नव्हता असा पाय देतो. मग ती जागा बसवायला आतली बंधनं सोडवत बसतो. हॉवेल यांनी रुजवलेली कायनेमॅटिक पद्धत म्हणते, झिजलेल्या कूर्चेची (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराची) भर धरून जेवढ्या जाडीचं इम्प्लांट बसवायचं तेवढंच हाड काढा, मूळ सांध्याची रेषा परत आणा.

आणि यातलं मोजमाप तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर आहे. प्रत्येक काढलेला तुकडा कॅलिपरने मोजायचा. तुकड्याची जाडी, अधिक पात्याने खाल्लेला साधारण एक मि.मी., अधिक कूर्चा पूर्ण झिजली असेल तर दोनेक मि.मी. ही बेरीज इम्प्लांटच्या जाडीइतकी आली पाहिजे. नाही आली, तर पुढे जायचं नाही. कॅमेरा नको, संगणक नको.

अस्थिपंजर

मूळवळण, तुमच्या तत्त्वाचा मला आदर आहे, पण एक धोका उघड बोलतो. नडगीचा काप मुद्दाम तीन अंश व्हेरसमध्ये ठेवायचा ठरवला आणि हाताने आणखी तीन चुकला, तर सहा होतात. शून्य ठरवून तीन चुकला, तर तीनच राहतात. नवीन शिकणाऱ्याने चुकीला जागा असलेलं लक्ष्य धरावं.

जेफ्री आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ११५ गुडघ्यांचा अभ्यास छापला, १२ वर्षांपर्यंतचा. भाररेषा, म्हणजे खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची सरळ रेषा, इम्प्लांटच्या मधल्या तृतीयांशातून गेली, तिथे इम्प्लांट सैल होण्याचं प्रमाण ३ टक्के. बाहेर गेली, तिथे २४ टक्के. माझी सगळी पिढी या आकड्यांवर वाढली.

आकडेमोड

सर, त्या अभ्यासासोबत पराट आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यासही ठेवायला हवा. ३९८ गुडघे, १५ वर्षं. तीन अंशांच्या आतले आणि बाहेरचे यांच्या टिकण्यात फरक सापडला नाही. दोन्ही खरे असू शकतात. मधल्या काळात इम्प्लांटचा आकार सुधारला, प्लास्टिक सुधारलं, सिमेंट लावायची रीत सुधारली. जुनं इम्प्लांट वाकडेपणा सोसत नव्हतं, नवं थोडा सोसतं. म्हणून "तीन अंशांच्या बाहेर गेलं की संपलं" म्हणणंही चूक आणि "कोनाने काही होत नाही" म्हणणंही चूक. त्या अभ्यासात फार वाकडे गुडघे थोडेच होते हेही ध्यानात ठेवा.

टिकण्याबद्दल काळजी करणाऱ्यांसाठी, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या एकत्रित आकड्यांनुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. समाधानाचा आकडा मात्र तेवढा चांगला नाही. कॅनडातल्या ऑन्टारियोत २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात साधारण पाचातला एक जण समाधानी नव्हता. हा पाचवा माणूस कोनामुळे नाराज आहे की आणखी कशामुळे, यावर सध्याचा सगळा वाद आहे.

बाबांचा_मुलगा

सगळं वाचलं, अर्धं कळलं. बाबांचं ऑपरेशन ठरतंय. एके ठिकाणी रोबो आहे, दुसरीकडे नाही, पण तिथल्या डॉक्टरांवर बाबांचा विश्वास आहे. काय करावं? रोबो स्वतः कापतो का?

दिशादर्शक

मी बरीच वर्षं नॅव्हिगेशन वापरतोय, अलीकडे रोबोही. शक्य तितकं सोपं करून सांगतो.

नॅव्हिगेशन म्हणजे कापणारं यंत्र नव्हे, बघणारं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर खुणेचे गोळे लावतात, कॅमेरा ते पाहतो. पाय खुब्यातून गोल फिरवला, की संगणक त्या फिरण्यावरून खुब्याचा मध्य काढतो. म्हणजे पोकळीत रॉड घालायची गरजच नाही आणि अस्थिपंजर सरांनी सांगितलेला दीड अंश तिथेच वाचतो. ग्रेनोबलमध्ये सारागाग्लिया यांनी जानेवारी १९९७ मध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया केली.

रोबोंचे प्रकार अनेक. सध्या बऱ्याच ठिकाणी आहे तो असा, की करवत सर्जनच्याच हातात, पण यांत्रिक हाताला लावलेली. ठरवलेल्या प्रतलाबाहेर ती जाऊ लागली, की हात अडवतो. काहींना आधी सीटी स्कॅन लागतो, काहींना नाही. ठरवणं सर्जननेच.

फायदा? फार चुकलेले गुडघे नक्की कमी होतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीवरून २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात ६५ पेक्षा कमी वयाच्यांत नऊ वर्षांनी पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण नॅव्हिगेशनने ६.३ टक्के आणि त्याशिवाय ७.८ टक्के होतं. फरक आहे, पण आभाळाएवढा नाही.

आणि यंत्रही चुकतं. हाडातली पिन सैल झाली, कुणाचं कोपर खुणेच्या काठीला लागलं, गोळ्यावर रक्त उडालं, की पडद्यावरचे आकडे खोटे होतात आणि तरीही तितक्याच ठामपणे दिसतात. म्हणून हाडावर एक ठरलेली तपासखूण ठेवतात आणि मधेमधे तिला टोक लावून बघतात. घोट्याची हाडं टोकाने दाखवताना सर्जननेच चूक केली, तर यंत्र तीच चूक दशांशासह परत देतं.

बाबांसाठी मी म्हणेन, डॉक्टरांना विचारा की ते ऑपरेशनआधी पूर्ण पायाची फिल्म काढतात का आणि नंतर काढून स्वतः मोजतात का. जो मोजतो त्याच्या हातात जिग असला तरी बाबा सुरक्षित आहेत.

बाबांचा_मुलगा

मनापासून आभार. हे दोन प्रश्न कागदावर लिहून घेतले.

ओटीतली_ताई

३-डी छापलेल्या जिगबद्दल कुणीच बोललं नाही. पेशंटच्या हाडाच्या मापाने बनून येतात ते.

दिशादर्शक

ताई, ते बसायला पाहिजेत नेमक्या जागी, आणि तिथेच अडतं. हाडावर थोडीशी मऊ ऊती राहिली किंवा स्कॅननंतर हाडाचं टोक वाढलं, की जिग तिरका बसतो आणि बसल्यासारखाच वाटतो. हत्यारांचे ट्रे कमी लागतात हे खरं. बिनचूकपणात ते नेहमीच्या जिगच्या ठळकपणे पुढे आहेत असं मात्र निघालेलं नाही.

यंत्रवेडा

धागा वाचताना एक सुचलं. आमच्याकडे एकूण चूक मोजून कुणी मशीन दुरुस्त करत नाही. कुठल्या पृष्ठभागाने किती दिली हे वेगळं काढावं लागतं. मॅडम, तुमच्या चार अंशांतले वरच्या हाडाचे किती आणि खालच्याचे किती?

ऋजुरेषा

यंत्रवेडा, कान पकडून जागेवर आणलंत. मी फक्त एकूण कोन मोजला होता.

काल बाई येऊन गेल्या. क्षकिरण यांनी सांगितलं तशीच, वाटी समोर ठेवून नवी फिल्म काढली. गुडघा आता पूर्ण सरळ होतो. एकूण व्हेरस अडीच अंश निघाला. म्हणजे दीड अंश नुसता फिल्मचा होता.

उरलेले अडीच वेगळे काढले. मांडीचा भाग त्याच्या अक्षाला काटकोनात, फरक अर्ध्या अंशाचा. नडगीचा भाग दोन अंश व्हेरसमध्ये. दोन इम्प्लांटमधली फट दोन्ही बाजूंना सारखी, म्हणजे बंधनांचा सैलपणा नाही. चूक नडगीच्या कापाची, दुसऱ्या कशाची नाही.

मग नडगीचे बाकीचे चुकलेले गुडघे त्याच नजरेने पाहिले. बहुतेक त्याच दिशेला, व्हेरसकडे. उजवे-डावे दोन्ही. हात कधी इकडे कधी तिकडे चुकेल, पण हे सगळे एकाच बाजूला आहेत, म्हणजे माझ्या पद्धतीतच काहीतरी आहे.

अस्थिपंजर

घोट्यावर बाहेरचा जिग कुठे धरता? दोन घोटेहाडांच्या मधोमध?

ऋजुरेषा

हो सर. मधोमध.

अस्थिपंजर

सापडलं. सांध्याचा खरा मध्य दोन घोटेहाडांच्या मध्यापेक्षा ३ ते ५ मि.मी. आतल्या बाजूला असतो. बाहेरचं घोटेहाड मागे आणि लांब असल्यामुळे हात फसतो. तुम्ही ५ मि.मी. बाहेर धरलंत, तर ३६ सें.मी.वर पाऊण अंशाहून जास्त व्हेरस दर वेळी ठरलेला. त्यात वरचा ब्लॉक नडगीच्या फिरण्याप्रमाणे थोडा बाहेर वळलेला बसला, तर मागच्या उताराचा (नडगीचा काप मागे थोडा उतरता ठेवतो, त्याचा) काही भाग बाजूच्या तिरकेपणात बदलतो. उतार जितका जास्त तितकं हे वाढतं. पुढच्या वेळी जिगचं खालचं टोक काही मि.मी. आत घ्या आणि पुढच्या स्नायूबंधाला हात लावून, दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे ना ते बघा.

मूळवळण

आणि सर, तुमच्या-माझ्या वादाला इथे काही अर्थ उरत नाही. लक्ष्य शून्य असो की तीन, घोट्यावर टोक चुकीच्या जागी धरलं तर दोघेही सारखेच चुकतो.

अस्थिपंजर

हे अगदी मान्य.

क्षकिरण

दीड अंश आमच्या खात्याचा निघाला म्हणजे. आमच्या विभागात "वाटी समोर" अशी चिठ्ठी भिंतीवर लावतोय.

ऋजुरेषा

सोमवारपासून असं करणार आहे. ब्लॉकला तिसरी तिरकी पिन प्रत्येक वेळी. काप झाला की सपाट प्लेट ठेवून त्यावर लांब दांडी, ती घोट्याच्या खऱ्या मध्यावर येते का ते पाहायचं. काढलेले सगळे तुकडे कॅलिपरने मोजायचे, आकडे निवासी डॉक्टरने मोठ्याने वाचायचे आणि लिहायचे. सिमेंट घट्ट व्हायच्या आत इम्प्लांटवर पुन्हा दांडी लावून बघायचं, कारण एका बाजूला सिमेंट जाड झालं तर आधीची सगळी मेहनत जाते. तीन महिन्यांनी वाटी समोर ठेवून फिल्म, आणि मांडी व नडगी वेगवेगळी मोजायची.

पहिले वीस गुडघे झाले की सगळे आकडे, चुकलेले धरून, इथेच टाकते.

नवशिका_निवासी

मॅडम, तुकडे मोजायचे तर कूर्चा कुठे झिजलीय हे कापायच्या आधी लिहून ठेवावं लागेल ना? नंतर तुकड्यावर नीट कळत नाही.

मूळवळण

बरोबर पकडलंस. कापायच्या आधीच. प्रत्येक कंडाइलवर (हाडाच्या टोकाच्या गोल उंचवट्यावर) कूर्चा आहे, अर्धी आहे की गेली, एवढं तीन शब्दांत लिहायचं.

ओटीतली_ताई

कॅलिपर आमच्या सेटमध्ये नव्हता. आज मागणीपत्र दिलं, दोन मागवलेत. एक खाली पडला तर ऑपरेशन थांबायला नको.